वेळ आपली, पण ठरवणार कोण?

(आरोग्य कार्यकर्त्या मैत्रिणींच्या शिबिरातील भाषणाचा संपादित भाग)

‘तुम्ही स्वयंसेविका, सवडीप्रमाणे काम करा,’ हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. २००५ साली ग्रामीण आरोग्य अभियानातून ‘आशा’ आली, तिलाही हेच सांगितलं गेलं. मार्गदर्शक सूचनांत दिवसाला दोन-तीन तास, आठवड्यातून साधारण चार दिवस असं काम धरलं होतं. घर आणि मजुरी सांभाळून जमेल असं.

आता प्रत्यक्ष काम बघा. बाळंतपण दवाखान्यात झालं तर आशाने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी बाळाला बघायचं. घरी झालं तर पहिल्या दिवशीही. यातली एकही भेट चुकवून चालत नाही, कारण प्रश्न बाळाच्या जिवाचा आहे. मग सवड कुठे राहिली? त्या दिवशी खुरपणीला गेलं नाही तर मजुरी बुडते ती तिचीच. आणि पगार मागितला की उत्तर येतं, ‘तुम्ही तर स्वयंसेविका!’ म्हणूनच जून २०२१ मध्ये, कोरोना चालू असताना, महाराष्ट्रातल्या आशांना संप करावा लागला. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने देशभरातल्या आशांचा गौरव केला. आनंद झाला, पण गौरवावर किराणा मिळत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. जे काम ठरल्या दिवशी झालंच पाहिजे, ते नोकरीचं काम. त्याला पगार, रजा, पेन्शन हवं. सवडीने करायचं काम वेगळं. दवाखान्यात सोबत जाणं, केसपेपर काढून देणं, आजारी म्हातारीपाशी तासभर बसणं.

या कामात मात्र सवड खरी हवी. आमच्या गटात काही गोष्टी ठरल्या आहेत. प्रत्येक कामाला दोघींची जोडी, म्हणजे एकीला अडचण आली तर दुसरी आहे. महिन्याची यादी सगळ्या मिळून करतो, सुगीच्या दिवसांत कामं कमी धरतो. एसटीचं भाडं आधी हातात. रात्री दवाखान्यात राहिली तिला दुसऱ्या दिवशी काम नाही. ‘या महिन्यात जमणार नाही’ म्हणणारीला कारण विचारायचं नाही. आणि यादीत पुरुषांचीही नावं आहेत. ‘आजारपण बाईनेच काढायचं’ हे आपणच का चालू ठेवायचं?

शेवटचं सांगते. प्रत्येकीने एक वही करा. कुठे गेलात, किती तास, किती भाडं, कोणती मजुरी बुडाली, सगळं लिहा. लिहिता येत नसेल तर मुलीकडून नाही, मुलाकडून लिहून घ्या! आपले तास मोजलेले नसतात, म्हणून ते फुकट समजले जातात. पुढच्या बैठकीला वह्या घेऊन या. मागण्यांचं निवेदन त्यावरूनच लिहू.