नववीचा रिकामा बाक

(गोंदिया जिल्ह्यातील एका गावी, धानाची कापणी आटोपल्यावर भरलेल्या पालकांच्या सभेत एका हायस्कूलच्या शिक्षकाने केलेले भाषण)



आज आपण खळ्यावरचे काम टाकून येथे आलात, याबद्दल मी आपला आभारी आहे. शिक्षकाने उपदेश करावा व पालकांनी माना डोलवाव्या, असा आपल्याकडे रिवाज पडून गेला आहे. मी तो आज मोडणार आहे. मी उपदेश करण्यास उभा नाही, हिशेब देण्यास उभा आहे. आपण आपली लेकरे मजकडे सोपविता, तेव्हा दिवसभर त्यांचे काय होते, हे विचारण्याचा आपणांस हक्क आहे.

प्रथम दुःखाचा हिशेब देतो. आषाढ लागला, पऱ्हे तयार झाले की माझा वर्ग ओस पडू लागतो. रोवणीला हात पाहिजेत, मजुरी महाग, सबब नववीतला पोरगा बांधीत उतरतो. मार्चमध्ये दहावीची परीक्षा, आणि त्याच सुमारास मोहफूल गळू लागते. पहाटे अंधारात टोपली घेऊन झाडाखाली गेलेली मुलगी दहा वाजता वर्गात येते, तेव्हा तिचे डोळे मिटत असतात. तिला मी रागवावे काय? पुढे तेंदूपत्ता येतो. दिवाळीनंतर मंडईचे दिवस आले की रात्रभर नाटक, आणि दुसऱ्या दिवशी अर्धा वर्ग पेंगत असतो. खरे सांगायचे तर त्या दिवशी मास्तरही पेंगत असतो, कारण नाटक मीही सोडीत नाही.

दुसरे दुःख याहून मोठे. नववीच्या वर्गात मी बीजगणित शिकवू जातो, आणि साधा भागाकार न येणारी मुले पुढ्यात बसलेली असतात. दोष खालच्या वर्गाच्या मास्तरावर लोटणे सोपे आहे. तो माझ्यावर लोटील, मी दैवावर लोटीन. पण घरी गोंडी अथवा पोवारी बोलणाऱ्या पोराला पुस्तकी मराठी ही परकी भाषा वाटते. कळले नाही हे सांगण्याची त्याला लाज वाटते, आणि आम्ही त्याला मठ्ठ म्हणून मागच्या बाकावर बसवितो. मीही पहिली काही वर्षे हेच पाप केले, ते आज आपल्यासमोर कबूल करतो.

तिसरे दुःख कागदांचे. माहिती भरा, तक्ते पाठवा, निवडणुकीच्या कामाला जा. ज्या हाताने खडू धरायचा तो हात रकाने भरण्यात झिजतो.

आता सुखाचा हिशेब ऐका. तोही खराच आहे.

मागे 2024 सालच्या हंगामाचे धान निघाले, तेव्हाची गोष्ट. मी वर्गात टक्केवारी शिकवीत होतो. शंभर किलो धान भरडाईला दिले की सरकारी हिशेबाने 67 किलो तांदूळ परत यावा लागतो, हे उदाहरण घेतले. मागे बसणारी, कधी न बोलणारी एक मुलगी उठली व म्हणाली, "सर, आमच्या घरचा हिशेब मांडू का?" तिच्या बापाने गावात आलेल्या एका व्यापाऱ्याला 40 किलोचे 25 कट्टे विकले होते. तिने फळ्यावर मांडले: धान दहा क्विंटल. व्यापाऱ्याने कट्ट्यामागे दोन किलो सूट कापली, म्हणजे पन्नास किलो. उरलेल्या साडेनऊ क्विंटलला 2000 रुपयांचा भाव, हाती आले 19000. सरकारचा त्या सालचा हमीभाव साध्या धानाला 2300 रुपये, म्हणजे दहा क्विंटलचे 23000. खडू खाली ठेवून ती म्हणाली, "चार हजार गेले, सर."

वर्ग चिडीचूप झाला. मंडळी, त्या दिवशी मला जे सुख झाले ते पगाराच्या दिवशीही होत नाही. ते चार हजार परत आले नाहीत. पण ज्या घरात चार हजार गेलेले कळतात, त्या घरातून ते दरसाल जात नाहीत.

दुसरी एक गोष्ट सुताराच्या पोराची. दहावीच्या भूमितीत पायथागोरसचा सिद्धांत येतो. मी फळ्यावर आकृती काढून थकलो. तो पोरगा म्हणाला, "सर, हे तर आमच्या घरी रोज असते." दोरीला तीन, चार आणि पाच अशा मापाच्या गाठी मारून त्याने काटकोन करून दाखविला. त्याच्या बापाला सिद्धांताचे नाव ठाऊक नाही. सिद्धांत मात्र त्याच्या हातात आहे. मग मी ओळखले की, ज्यांस आपण अडाणी म्हणतो त्यांच्या घरी विद्या नाही असे नाही. ती कागदावर चढलेली नाही, एवढेच. तेव्हापासून मी भूमिती दोरीने शिकवितो, आणि क्षेत्रफळ बांधीच्या धुऱ्यावर उभे राहून शिकवितो.

जोतीराव फुले यांनी 1882 साली हंटर कमिशनपुढे निवेदन दिले, त्यात मास्तर शेतकरी वर्गातून घ्यावेत, नांगराचा रुमणा वा सुताराचे हत्यार हाती धरण्याची ज्यांस लाज नाही असे घ्यावेत, असे मांडले होते. त्या सुताराच्या पोराने मला तेच शिकविले. त्याच निवेदनात जोतीरावांनी निदान बारा वर्षे वयापर्यंत शिक्षण सक्तीचे करा, अशी मागणी केली. पुढे 1917 साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. देशाचा कायदा झाला 2009 साली, आणि त्याने हद्द ठेवली चौदा वर्षांची. बारावरून चौदा! सव्वाशे वर्षांत दोन वर्षे पुढे सरकलो.

आता माझ्या भाषणाचा मुद्दा येतो. आठवीपर्यंत शाळेत दुपारचे जेवण मिळते, पुस्तके फुकट मिळतात, कायद्याचे छत्र असते. नववीत पाऊल टाकले की ही तिन्ही एकदम सुटतात. नेमके त्याच वयात पोराच्या अंगात मजुरी करण्याइतके बळ येते आणि मुलीसाठी सोयरिकी येऊ लागतात. एकीकडून आधार सुटतो, दुसरीकडून ओढ लागते. म्हणून नववीचा बाक रिकामा होतो. यात आपला सारा दोष नाही. ही खाच वर बसणाऱ्यांनी ठेवलेली आहे, आणि ती बुजवावी अशी मागणी आपण ग्रामसभेत ठराव करून केली पाहिजे. पण ती बुजेपर्यंत आपली लेकरे तीत पडू द्यायची काय?

एक बाप मला म्हणाला, "पोराले शिकवून का करू जी? नोकरी तर भेटत नाही." त्याचे म्हणणे खोटे नाही. दहावी पास झाल्याने नोकरी मिळेल असे वचन मी देत नाही. देणारा लबाड समजा. परंतु सातबारा वाचणे, काट्यावरचे वजन पडताळणे, व्याजाचा हिशेब करणे, अंगठ्याआधी कागद समजून घेणे, यास नोकरी लागत नाही. न शिकल्याची फी आपण दर हंगामात भरतोच. तिची पावती मिळत नाही, एवढाच फरक.

म्हणून माझ्या चार मागण्या आहेत. रोवणीला पोरगा लागलाच तर न्या, पण किती दिवस ते मला येऊन सांगा. मी त्याचे राहिलेले धडे संध्याकाळी भरून काढीन. दहावीच्या वर्षी मोहफुलाच्या दिवसांत मुलीला पहाटेची झोप द्या. पास झालेल्या मुलांची पुस्तके रद्दीत न घालता शाळेत आणून द्या, म्हणजे पुढच्यांचा खर्च वाचेल. आणि मुलींना गावाहून शाळेपर्यंत एस.टी.चा पास फुकट आहे, तेव्हा अंतराची सबब सांगून तिला घरी बसवू नका. अठराच्या आत तिचे लग्न करणे तर गुन्हाच आहे.

माझ्याकडूनही एक मागा. महिन्यातून एकदा वर्गाच्या दारात येऊन उभे राहा आणि विचारा, "मास्तर, आमच्या पोराले भागाकार येते का?" या प्रश्नाने मला राग येणार नाही. ज्या शाळेला असा प्रश्न कोणी विचारीत नाही, तेथेच मास्तर सुस्तावतो.

हिशेब मांडणाऱ्या त्या मुलीचा बाक आज रिकामा नाही. तिच्या शेजारचा मात्र रिकामा आहे. ते लेकरू कोणाचे, हे या सभेत बसलेल्यांपैकी एकाला ठाऊक आहे. मी नाव घेणार नाही. उद्या सकाळी साडेदहाला मी हजेरी घेतो, तेव्हा वाट पाहीन.