उघडणाऱ्या टपाची गाडी



मागच्या वेळी आपण गटाच्या वह्यांबद्दल बोललो होतो. आज एका गाडीची गोष्ट सांगणार आहोत. गाडी आमची नव्हती. आम्ही फक्त तिचं थोडं कापड शिवलं. त्या कापडाने आम्हाला जे शिकवलं, ते शिवणकाम घेणाऱ्या प्रत्येक गटाच्या उपयोगी पडेल, असं वाटलं म्हणून बोलतोय.

माल वाहणारी बंद व्हॅन आपण सगळ्यांनी पाहिली आहे. कुरिअरवाले, बेकरीवाले वापरतात ती. आत बसलं की डोकं टपाला लागतं. तर आमच्या तालुक्याच्या गावी एक गॅरेज आहे, गाड्यांच्या बॉडी बांधणारं. तिथले दादा अशाच एका व्हॅनचं चाकांवरचं घर करत होते. आत दोघांना झोपायला फळी, खाली सामानाचे कप्पे, पाण्याची छोटी टाकी आणि वर उघडणारा टप. गाडी चालताना टप बंद. मुक्कामाला थांबलं की टप मागच्या बाजूने वर उचलायचा, पेटीचं झाकण उचलतो तसा. मग आत माणूस उभं राहू शकतं. टप आणि गाडी यांच्या मधली जी जागा उघडी पडते, ती कापडाने बंद करायची. ते कापड शिवण्याचं काम आमच्या गटाकडे आलं.

ही कल्पना जुनी आहे बरं का. १९५१ साली जर्मनीतल्या वेस्टफालिया कंपनीने फोक्सवॅगनच्या व्हॅनमध्ये बसवायला पलंग आणि कपाटाचं सामान बनवलं. इंग्लंडमध्ये फोकस्टन गावी मार्टिन वॉल्टर नावाच्या कंपनीने डॉर्मोबाइल ही गाडी काढली. तिचा टप एका बाजूला उघडायचा आणि त्याला पट्ट्यापट्ट्यांचं कापड असायचं. दादांनी मोबाइलवर तिचे फोटो दाखवले, तेव्हा आमच्या मावशी म्हणाल्या, "अगं, हा तर मांडवच की!" आणि तिथेच आमची चूक सुरू झाली. आम्हाला वाटलं, मांडवाचं कापड शिवतो तसं शिवायचं.

दादांनी कागदावर माप लिहून दिलं. लांबी सात फूट, रुंदी चार फूट, मागची उंची तीन फूट. दोन्ही बाजूंना तिकोनी तुकडे, मागे चौकोनी. चार मीटर कॅनव्हास त्यांनी दिला. शिलाई ठरली ३,५०० रुपये. आमच्यातल्या पाच जणी कामाला बसल्या. एवढी मोठी शिलाई गटाला पहिल्यांदाच मिळत होती, त्यामुळे प्रश्न विचारण्यापेक्षा काम हातातून जाऊ नये याचीच काळजी जास्त होती. गाडी बघायला कुणीच गेलं नाही. एस.टी.चं भाडं कशाला घालवायचं, असा हिशेब केला.

सहा दिवसांनी कापड घेऊन गेलो. बसवलं तेव्हा छान दिसलं. दादांनी टप उघडला आणि पाण्याचा पाइप अर्धा तास वर धरला. पावसात टिकलं तरच उपयोग, हे त्यांचं बरोबरच होतं.

दहा मिनिटांत शिवणीतून पाणी झिरपायला लागलं. अर्ध्या तासात आतली फळी ओली झाली. कापड भिजून आटलं आणि ताणलं गेलं, त्यामुळे खिडकीची चेन एका बाजूने उसवली. वर आणखी एक. टप खाली घेतला तेव्हा कापडाची घडी बाहेर आली, टप आणि पत्रा यांच्यात चिमटली आणि तिथे फाटली. एकाच दुपारी तीन दोष. आमच्या खजिनदार ताई भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. दादा रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, "ताई, कापड माझं होतं."

नवीन कापड आम्ही आणायचं, असं तिथेच ठरलं.

मग मात्र आम्ही पूर्ण दिवस गॅरेजमध्ये बसलो आणि गाडी समजून घेतली. दादांनीही हातचं न राखता सांगितलं. गाडीच्या टपाला आतून आडव्या लोखंडी पट्ट्या असतात, आपल्या घराला वासे असतात तशा. टप कापला की त्या पट्ट्याही कापल्या जातात आणि गाडीचा सांगाडा ढिला होतो. म्हणून भोकाच्या चारी बाजूंनी लोखंडी चौकट बसवून ताकद परत आणावी लागते. वरचा नवा टप फायबरचा, म्हणजे वजनाला हलका. पुढे बिजागरी, मागे दोन्ही बाजूंना गॅसचे दांडे, मोटारीच्या डिकीला असतात तसे. टप बंद झाल्यावर त्याला आतून पट्टे आणि कड्या. चालत्या गाडीत टप उघडला तर वारा तो उपटून नेईल, म्हणून ड्रायव्हरपुढे धोक्याचा दिवा.

हे सगळं बघितल्यावर कळलं, मांडव एकदा ताणला की ताणलेलाच राहतो. हे कापड मात्र रोज उघडणार, रोज घडी होणार, भिजणार, वाळणार. त्याचं काम छत्रीसारखं होतं.

दुसऱ्या वेळी काय केलं ते सांगतो. कुणाकडे ताडपत्रीचं, टेम्पोच्या हुडाचं, तंबूचं काम आलं तर लक्षात ठेवा.

पहिलं, सुती कॅनव्हास कापण्याआधी दोनदा भिजवून सावलीत वाळवला. सुती कापड पहिल्या पाण्याला आटतं. ते आपल्या ब्लाउजच्या कापडाला कळतं आणि कॅनव्हासला विसरतो, हे आमचं नवल! भिजल्यावर सूत फुगतं आणि विणीतली बारीक भोकंही बुजतात.

दुसरं, शिवण. आधी आम्ही साधी टीप मारून माया आत सोडली होती. त्या मायेत पाणी साचत होतं. आता दोन्ही कडा एकमेकीत अडकवून दुहेरी टीप मारली, जीनच्या पँटला असते तशी. आणि वरचा तुकडा खालच्या तुकड्यावर येईल असं ठेवलं. कौलं कशी रचतो? वरचं कौल खालच्यावर येतं. उलटं रचलं तर घरात पाणी. कापडाचंही तेच.

तिसरं, दोरा आणि सुई. आत पॉलिस्टर आणि वरून सूत असलेला जाड दोरा वापरला. पॉलिस्टर तुटत नाही आणि वरचं सूत भिजून सुईचं भोक भरतं. सुई अठरा नंबरची. चार पदर आले की आमचं साधं मशीन टाके सोडायचं, तिथे मोटर बंद करून चाक हाताने फिरवलं. शेवटी सगळ्या शिवणींवर आतून मेण घासलं.

चौथं, चिमटण्याचा दोष. कापडाच्या मधोमध आतून रुंद इलॅस्टिक शिवलं. टप खाली येताना ते कापडाला आत ओढून घेतं आणि घडी बाहेर येत नाही.

पाचवं, हवा. आम्ही दोघी जणी टप उघडून आत रात्रभर झोपून बघितलं. गॅरेजच्या वहिनी तिसऱ्या. सकाळी कापड आतून ओलं. पाऊस नव्हता, तो आमच्याच श्वासाचा दमटपणा होता. म्हणून दोन्ही बाजूंना मच्छरदाणीच्या जाळीच्या खिडक्या केल्या, वर झडप दिली. बंद गाडीत शेगडी किंवा कोळसा पेटवून झोपणं तर जिवावरचं. त्याचा वायू डोळ्यांना दिसत नाही आणि वासही येत नाही. आणि ओला टप मिटून ठेवला तर कापडाला बुरशी येते. दुसऱ्या दिवशी उघडून वाळवायलाच हवा.

त्या रात्रीचं एक मनात राहिलं. प्रदर्शनाला माल घेऊन जातो तेव्हा आपण कुठे झोपतो? कधी शाळेच्या वर्गात, कधी स्टॉलच्या टेबलाखाली, गल्ल्याची पिशवी उशाला घेऊन. या गाडीला आतून कडी होती. वहिनी म्हणाल्या, "आतून कडी असली की झोप वेगळीच लागते." आम्ही तिघी बराच वेळ जाग्याच होतो, पण भीतीने नव्हे.

दुसऱ्या खेपेला पाइप तासभर धरला. थेंबही आला नाही.

आता हिशेब. शिलाई मिळाली ३,५००. नवीन कापड १,८००, चेन आणि जाळी ४५०, दोरा आणि सुया १५०, जाण्यायेण्याचं भाडं ६००. हाती राहिले ५००. पाच जणींचं अकरा दिवसांचं काम आणि वाट्याला शंभर-शंभर रुपये. पहिल्याच दिवशी एका बाईने गाडी बघून यायला साठ रुपये लागले असते.

पण गोष्ट इथे संपत नाही. महिन्याभराने एक गृहस्थ थेट आमच्याकडे आले. त्यांनी जुनी मालवाहू व्हॅन घेतली होती. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून टप कापून घेणार होते. टपाचं कापड, गादी, पडदे, सगळ्याचे मिळून ६,००० देतो म्हणाले आणि २,००० रुपये आगाऊ टेबलावर ठेवले.

या वेळी आम्ही शिकलेल्या होतो. विचारलं, "भाऊ, टप कापायची परवानगी आहे का? आरसी बुकात काय लिहिलंय?" ते म्हणाले, "आपल्या इथे कोण बघतंय!"

गॅरेजच्या दादांकडून आम्हाला कळलं होतं, त्यांची गाडी हा नमुना होता. पुण्यात एआरएआय आणि सीआयआरटी या वाहनं तपासणाऱ्या संस्था आहेत. मान्यता मिळेपर्यंत ती गाडी रस्त्यावर न्यायची नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. त्यामागे कायदा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२ सांगतं की आरसी बुकातली नोंद आणि कंपनीने बनवलेली मूळ गाडी यांत फरक पडेल असा बदल मालकाला आपल्या मनाने करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते, ते वेगळंच.

गटाची बैठक बसली. दहा जणी. एका ताईच्या मुलाची कॉलेजची फी भरायची होती. ती म्हणाली, "आपण कापड शिवणार. गाडीचं काय ते त्याचं तो बघेल. दंड आपल्याला थोडाच होणार?" तिचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. पैशाची गरज सगळ्यांनाच होती. तेव्हा मावशी बोलल्या, "ते गृहस्थ म्हणाले ना, पोराबाळांना घेऊन कोकणात जाणार. मधल्या पट्ट्या कापलेल्या, चौकट घातलेली नाही. घाटात गाडी उलटली तर त्या पोरांच्या डोक्यावर काय असेल? आपलं कापड."

हात वर केले. सात विरुद्ध तीन. दोन हजार परत दिले. फीसाठी त्या ताईला गटातून अंतर्गत कर्ज दिलं, तरी दोन बैठका ती कुणाशी बोलली नाही. तिचा राग आम्ही समजू शकतो. त्या गृहस्थांनी पुढे कुणाकडून शिवून घेतलं का, हे आम्हाला ठाऊक नाही.

आता गटाच्या इतिवृत्ताच्या वहीत पहिल्याच पानावर पाच प्रश्न लिहिलेत. बाहेरचं कोणतंही काम आलं की ते मोठ्याने वाचतो. वस्तू कुठे बसणार आहे, ती जागा कुणी बघून आलं का? ती कशी वापरली जाणार, भिजणार का, घडी होणार का? तुकडा बिघडला तर कापड कुणाचं, हे लिहून घेतलं का? आधी छोटा नमुना करून पाण्याखाली धरला का? आणि ज्या वस्तूला आपण हात लावतोय, तिचे कागद ठीक आहेत का?

सध्या आमच्याकडे ट्रॅक्टरच्या हुडाची कामं येतात. सुई लावायच्या आधी एक जण शेतात जाऊन ट्रॅक्टर बघून येते. परवा ती फीवाली ताईच गेली होती. मापं घेऊन आली आणि म्हणाली, "मागच्या बाजूला सायलेन्सरची वाफ लागते, तिथे कॅनव्हास टिकणार नाही, वेगळं काहीतरी लावू." साठ रुपये भाडं लागलं. खजिनदार ताईंनी न कुरकुरता दिलं.

मैत्रिणींनो, तुमच्या गटाने असं कुठलं काम फसवून घेतलं असेल, आणि मग सावरलं असेल, तर आपल्या केंद्रावर येऊन जरूर सांगा. फसलेलं कामही सांगा, त्यातूनच दुसरीचे पैसे वाचतात.

पुढच्या मंगळवारी याच वेळी भेटू. नमस्कार.