तक्रार ऐकणाऱ्या कार्यालयाचा हिशेब

(महिला संघटनांच्या कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पोलिसांनीच अन्याय केला तर दाद कुणाकडे मागायची, हा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले. १९७९ साली कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, बायका रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ साली कोठडीतल्या बलात्काराबद्दलचा कायदा बदलला. पण पोलिसांविरुद्धच्या तक्रारीची चौकशी बहुतेक वेळा पोलीस खात्यातच होत राहिली.

२००६ साली प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की प्रत्येक राज्यात आणि प्रत्येक जिल्ह्यात पोलीस तक्रार प्राधिकरण हवे. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार यांसारख्या तक्रारी तिथे नेता याव्यात. महाराष्ट्राने २०१४ साली पोलीस कायद्यात दुरुस्ती करून राज्य पातळीवर आणि महसूल विभागांच्या पातळीवर प्राधिकरणाची तरतूद केली. न्यायालयाने जिल्हा म्हटले होते, आपल्याकडे विभाग झाला. या एका शब्दाचा अर्थ गडचिरोलीच्या बाईला विचारा. तिचे विभागाचे ठिकाण नागपूर.

आता मुद्द्यावर येते. कायदा झाला, पाटी लागली, म्हणजे काम झाले असे आपण समजतो. त्या पाटीमागे माणसे किती, गाडी आहे का, टंकलेखक आहे का, हे आपण विचारत नाही. त्याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात नसते, अर्थसंकल्पात असते.

न्यायालयाच्या त्याच निकालात हे सूचित आहे. प्राधिकरणाचे सदस्य पूर्णवेळ असावेत, त्यांना योग्य मोबदला मिळावा, आणि प्रत्यक्ष जागेवर जाऊन चौकशी करायला नियमित कर्मचारी लागतील, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे पैसा लागणार. तो पैसा गृह खात्याच्या हातात, आणि पोलीसही गृह खात्याच्याच हाताखाली. ज्याच्यावर नजर ठेवायची त्याच्याच घरून शिधा यायचा! म्हणून तर या हिशेबावर बाहेरच्या माणसांची, आपली, नजर हवी.

माझ्या कामातला एक अनुभव सांगते. रात्री ठाण्यात बसवून मारहाण झालेल्या एका मजूर बाईबरोबर मी सुनावणीला जात असे. प्रत्येक तारखेला तिची मजुरी बुडायची, एसटीचे भाडे जायचे, वर धाकट्या पोराला शेजारणीकडे ठेवायचे. दोनदा तारीख पुढे गेली, कारण चौकशीला माणूसच गेला नव्हता. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "ताई, आता नको." कागदावर तिची तक्रार "अर्जदार गैरहजर" म्हणून बंद झाली. तिला कुणी धमकावले नव्हते. कार्यालयाकडे माणूस नव्हता, एवढ्यानेच ती हरली.

मग हिशेब वाचायचा कसा? आपल्यापैकी अनेकजणी बचत गटाची वही लिहितात. हे त्याहून अवघड नाही.

पहिली गोष्ट. अर्थसंकल्पात एकाच बाबीपुढे वेगवेगळे आकडे असतात: मूळ अंदाज, सुधारित अंदाज आणि मागच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च. घोषणा मूळ अंदाजाची होते. आपण प्रत्यक्ष खर्च पाहायचा. न खर्चलेल्या रकमेला सरकारी भाषेत "बचत" म्हणतात. आपल्या गटाची बचत बाईच्या अडीनडीला उपयोगी पडते. ही बचत बहुधा रिकाम्या खुर्च्यांची असते.

दुसरी गोष्ट. मंजूर पदे किती, भरलेली किती, त्यांत चौकशी करणारी किती, आणि स्त्रिया किती?

तिसरी गोष्ट. वेतन सोडून उरलेला पैसा कुठे जातो? अध्यक्षांच्या गाडीवर आणि इमारतीच्या भाड्यावर, की चौकशीच्या प्रवासावर? गोंडी, कोरकू, पारधी बोलणाऱ्या बाईसाठी दुभाषा मिळतो का? काहीजणी विचारतात, निवृत्त साहेबांची सोय लावायला आणखी पैसा कशाला मागायचा? म्हणूनच नुसता "पैसा वाढवा" म्हणायचे नाही. कोणत्या बाबीवर वाढवा आणि कोणत्या बाबीवर उधळू नका, दोन्ही म्हणायचे.

एक युक्तिवाद हमखास ऐकाल: तक्रारीच कमी येतात, मग पैसा कशाला? तक्रारी कमी म्हणून पैसा कमी, पैसा कमी म्हणून कार्यालय दूर आणि माणसे अपुरी, आणि म्हणून तक्रारी कमी. हे चक्र कुठेतरी तोडावे लागेल.

इतरत्र ते तोडायचा प्रयत्न झाला आहे. अमेरिकेतल्या शिकागो शहराने २०१६ साली नियम केला की पोलिसांवर देखरेख ठेवणाऱ्या नागरी कार्यालयाला पोलीस खात्याच्या अंदाजपत्रकाच्या किमान १ टक्का रक्कम मिळालीच पाहिजे. न्यूयॉर्कमध्ये २०१९ साली मतदारांनी कौल दिला की तक्रार मंडळाचा कर्मचारीवर्ग गणवेशधारी पोलिसांच्या संख्येच्या ०.६५ टक्के तरी असावा. महापौरांना कमी करायचा असेल तर लेखी कारण द्यावे लागते. अशा नियमाने सगळे अन्याय थांबत नाहीत. पण पोलिसांचा खर्च वाढला की देखरेखीचाही वाढतो, तो कुणाच्या मर्जीवर राहत नाही. आपल्याकडे ही मागणी का करू नये?

आता कामे वाटून घेऊ. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे प्रत्येक कार्यालयाने आपली तरतूद आणि खर्च न मागता जाहीर करायचा असतो. तो जाहीर केला आहे का, हे आधी पाहा. नसेल तर अर्ज करा. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांपर्यंत आणि एकाच विषयाचा असावा लागतो. १० रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावा. मागच्या ३ वर्षांची तरतूद, खर्च, लेखाशीर्ष आणि भरलेली पदे मागा. ३० दिवसांत उत्तर आले नाही तर अपील करा. उत्तर आले की ते फाइलमध्ये ठेवू नका, बैठकीत मोठ्याने वाचा.

आणि हे मार्च उजाडण्यापूर्वी करा. अंदाज काही महिने आधीच खात्यात तयार होतात. विधानसभेत वेळ संपला की राहिलेल्या मागण्या चर्चेविना मताला टाकल्या जातात. त्याआधी आपला कागद आमदाराच्या हातात पडला पाहिजे, आणि त्याने सभागृहात काय विचारले, हे आपण परत येऊन त्याला विचारले पाहिजे.

मोर्चे आपण काढतोच, काढत राहू. पण पुढच्या मोर्चाच्या निवेदनात घोषणांच्या खाली आकडेही असू द्या. ते आकडे मिळवायला आजच, या शिबिरातून उठण्यापूर्वी, प्रत्येक तालुक्याच्या दोघीजणींनी नावे द्यावीत, एवढीच माझी विनंती आहे.