समुद्राची वेळ पाळूया
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषण)

मुलांना ट्रेकला न्यायचं म्हटलं की आपल्याला उंच डोंगरच आठवतात. मी म्हणतो, आधी अलिबागला चला. शिवाजी महाराजांनी १६८० साली बांधायला घेतलेल्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं. वाटेत खेकडे, शिंपले. आत गणपतीचं देऊळ आणि चक्क गोड्या पाण्याची विहीर!

पण एक चूक मी केलीय, तुम्ही करू नका. मित्र दोन दिवस आधी जाऊन आला होता. त्याचीच वेळ धरून आम्ही गेलो. परतताना पाणी माझ्या गुडघ्याला, म्हणजे नातीच्या कमरेला! तिला मजा वाटत होती, माझ्या पोटात गोळा आला होता.

भरती-ओहोटी रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. आठवड्याने तर ओहोटीच्या वेळेला भरती असते! म्हणून त्याच दिवसाची वेळ बघा, स्थानिकांना विचारा, पाणी ओसरत असतानाच निघा आणि भरती लागायच्या आत किनाऱ्याला या. पावसाळ्यात ही वाट नकोच.

सोसायटीच्या मीटिंगला उशीर झाला तर सेक्रेटरी थांबतात. समुद्र थांबत नाही.