पेरलेल्या पेशी आणि त्यांचीं चित्रें

अलिबागच्या समुद्रकांठीं असलेली चुंबकीय वेधशाळा तेथें आली ती मुंबईंत येऊं घातलेल्या विजेच्या ट्रॅममुळें. कुलाब्याच्या वेधशाळेंत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत असत. ट्रॅमचा विद्युत्प्रवाह जवळून वाहूं लागला कीं सुईचें हलणें पृथ्वीमुळें कीं ट्रॅममुळें, हें ओळखतां आलें नसतें. म्हणून संचालक नानाभाई फरामजी मूस यांनीं १९०४ सालीं अलिबाग येथें, लोखंड वर्ज्य करून बांधलेल्या इमारतींत, हें काम सुरू केलें आणि १९०६ पर्यंत दोन्हीं ठिकाणच्या नोंदी परस्परांशीं ताडून पाहिल्या. उपकरण जें दाखवितें तें आणि पाहणाऱ्याला जें हवें असतें तें एकच आहे काय, हा प्रश्न मूस यांनीं वेळींच विचारला. मेंदूंत पेशी पेरून रोग बरे करूं पाहणाऱ्या आजच्या वैद्यकालाहि नेमका हाच प्रश्न विचारावा लागत आहे.

कंपवाताचें उदाहरण घ्यावें. १८१७ सालीं लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनीं वर्णिलेल्या या रोगांत मेंदूच्या मध्यभागांतील एका काळसर पट्ट्यांतील पेशी हळूहळू नाश पावतात. या पेशी डोपामीन नांवाचें द्रव्य निर्माण करीत असतात. तें कमी पडलें कीं हात थरथरतो, पाऊल अडखळतें, चेहरा निर्विकार होतो. जाळें विणणाऱ्या किंवा सुपारी सोलणाऱ्या माणसाच्या चरितार्थावरच हा घाला असतो. लेव्होडोपा हें यावरील मुख्य औषध. कोंकणच्या रानांत वाढणाऱ्या खाजकुयलीच्या बियांत तें असतें. दामोदरन् व रामस्वामी यांनीं तें त्या बियांतून वेगळें केल्याचें १९३७ सालीं प्रसिद्ध झालें. परंतु औषध उणीव भरून काढतें, मेलेली पेशी परत आणीत नाहीं. म्हणूनच मूलपेशींपासून डोपामीन निर्माण करणाऱ्या नव्या पेशी तयार करून त्या मेंदूंत पेरण्याची कल्पना पुढें आली. मूलपेशी म्हणजे जिच्यापासून निरनिराळ्या प्रकारच्या पेशी घडूं शकतात अशी आद्य पेशी.

राबांतलें रोप खाचरांत लावलें कीं तें रुजलें किंवा कुजलें, हें शेतकऱ्याला थोड्याच दिवसांत डोळ्यांनीं दिसतें. कवटीच्या आंत ही सोय नाहीं. तेथें लावलेलें रोप पाहण्यासाठीं त्याला कांहीं तरी खूण करावी लागते.

पहिली खूण लोहाची. पेशी पेरण्यापूर्वीं त्यांना लोहाच्या प्राणिदाचे अतिसूक्ष्म कण भरवितात. हे कण एम्. आर्. आय्. यंत्राच्या चुंबकक्षेत्रांत आपल्याभोंवतीं किंचित् विक्षोभ उत्पन्न करतात व चित्रांत तेथें काळा ठिपका उमटतो. अशा यंत्रांतील तीन टेस्लाचें क्षेत्र अलिबागला मोजल्या जाणाऱ्या पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारें ७०,००० पट असतें. शांघायच्या वैद्यांनीं मेंदूला इजा झालेल्या रुग्णांच्या स्वतःच्याच मज्जापेशींचा प्रवास या रीतीनें टिपला; तो वृत्तांत २००६ सालीं प्रसिद्ध झाला. काळे ठिपके इजेच्या कडेकडे सरकतांना दिसले आणि कांहीं आठवड्यांनीं ते विरले.

परंतु तो ठिपका लोहाचा असतो, पेशीचा नव्हे. पेरलेली पेशी मेली तरी तिच्यांतील लोह मागें राहतें. मेंदूंतील सफाई करणाऱ्या पेशी तें गिळतात आणि ठिपका जसाच्या तसा दिसत राहतो. जुन्या रक्तस्रावाचा डागहि तसाच काळा असतो. उलट जिवंत पेशी विभागत गेल्या तर लोह त्यांच्यांत वांटलें जाऊन ठिपका पुसट होतो. म्हणजे ठिपका आहे म्हणून पीक आहे असें नाहीं, आणि ठिपका नाहीं म्हणून पीक गेलें असेंहि नाहीं.

दुसरी खूण किरणोत्सर्गी द्रव्याची. इंडियम १११ हें द्रव्य पेशींना लावलें तर त्या शरीरांत कोठें गेल्या हें कळतें. परंतु त्याचें तेज दर २.८ दिवसांनीं निम्मे होतें. रोपाचें भवितव्य ठरण्यास महिने लागतात आणि ही खूण आठवड्या-दोन आठवड्यांत मावळते.

तिसरी रीत पेशी कोठें आहे हें न विचारतां ती काम करते काय, हें विचारते. लेव्होडोपाच्याच जातीच्या द्रव्याला किरणोत्सर्गी फ्लोरीन जोडून तें शिरेंतून देतात. डोपामीन निर्माण करणाऱ्या जिवंत पेशी तें उचलतात व ‘पेट्’ चित्रांत तो भाग उजळतो. या फ्लोरीनचें तेज ११० मिनिटांत निम्मे होत असल्यामुळें तें निर्माण करणारें सायक्लोट्रॉन यंत्र फार दूर असून चालत नाहीं. भारतांतील पहिलें वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ सालीं मुंबईंत परळ येथें सुरू झालें.

या रीतीनें स्वीडनमधील लुंडच्या संशोधकांनीं १९९० सालीं भ्रूणापासून घेतलेल्या पेशी रुग्णाच्या मेंदूंत जगल्याचें दाखविलें. मात्र उजळलेलें चित्र म्हणजेच बरा झालेला रोगी, असें समजणें घाईचें ठरलें. २००१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणींत ४० रुग्ण होते. २० जणांत पेशी पेरल्या. उरलेल्या २० जणांवर शस्त्रक्रियेचा केवळ देखावा केला. पेशी पेरलेल्यांपैकीं १७ जणांत त्या रुजल्याचा पुरावा मिळाला. तरीहि, आपणांस किती बरें वाटतें याविषयीं रुग्णांनींच दिलेल्या मतांत दोन्हीं गटांमध्यें लक्षणीय फरक आढळला नाहीं. कांहीं जणांना पुढें न आवरणाऱ्या हालचालींचा नवाच त्रास जडला.

२०२५ सालीं क्योटोच्या संशोधकांनीं ७ रुग्णांचा व अमेरिका-कॅनडांतील संशोधकांनीं १२ रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. दोन्हींकडे मूलपेशींपासून बनविलेल्या पेशी वापरल्या होत्या, अर्बुद उद्भवलें नाहीं आणि पेट् चित्रें उजळलीं. ही आशेची गोष्ट खरी. परंतु रुग्ण थोडे होते आणि तुलनेसाठीं दुसरा गट नव्हता.

रायगडच्या किनाऱ्यावरील एखाद्या घरांत बाप कांपत असतो आणि मुलगा बागायत गहाण ठेवून ‘मूलपेशींचें इंजेक्शन’ घेण्याचा विचार करीत असतो, तेव्हां या सर्व विवेचनाला मोल येतें. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणें, रक्ताच्या कांहीं मान्य रोगांसारखे अपवाद सोडल्यास, मूलपेशींचा उपयोग मंजूर चाचणीबाहेर उपचार म्हणून करतां येत नाहीं. संशोधनासाठीं होणाऱ्या खर्चाचा भार रुग्णावर पडूं नये, असेंहि परिषदेचे नीतिनियम सांगतात. त्या मुलासमोर कोणी रंगीत चित्र ठेवलें तर त्यानें तीन गोष्टी विचाराव्या: हें चित्र खुणेचें आहे कीं जिवंत पेशीचें? पेशी जिवंत असेल तर ती काम करते काय? आणि ती काम करीत असेल तर ज्यांच्यांत ती पेरली नाहीं अशा रुग्णांपेक्षां तिच्या रुग्णाला चालणें, जेवणें, सदऱ्याचें बटण लावणें अधिक साधतें काय? पहिल्या दोहोंचीं उत्तरें यंत्र देऊं शकेल. तिसऱ्याचें उत्तर सुघटित चाचणींतूनच मिळतें, आणि तें मिळेपर्यंत बागायत सावकाराकडे जाऊं देण्याचें कारण नाहीं.