एक, तीन, चार, दोन

आमच्या गटाची जीप ऐन बाजाराच्या दिवशी रुसली. जीप जुनी, पेट्रोलवरची, चार सिलिंडरची. पापडांचे डबे भरून तयार आणि गाडी सुरूच होईना. नुसता कार्बोरेटरमधून फट् आवाज. एक गॅरेजवाला म्हणाला, इंजिन खोलावं लागेल. खर्च ऐकून आम्ही गप्पच झालो. तो बाजार बुडाला.

शेवटी गावातल्या जुन्या ड्रायव्हरकाकांनी बॉनेट उघडलं आणि विचारलं, "वायरींना हात कोणी लावला?" आम्हीच लावला होता. प्लग साफ करताना चारही वायरी एकदम काढल्या आणि डिस्ट्रिब्युटरच्या टोपीवर ओळीने लावल्या: एक, दोन, तीन, चार.

काकांनी समजावलं ते असं. पहिला आणि चौथा पिस्टन जोडीने वर येतात, दुसरा आणि तिसरा जोडीने. क्रँकच्या दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडरला एकदाच ठिणगी मिळते, म्हणजे दर अर्ध्या फेरीला एकीची पाळी. उखळात दोघी कांडतात तेव्हा पाळी चुकली की मुसळावर मुसळ आपटतं, तसंच हे. आमच्या जीपचा क्रम एक-तीन-चार-दोन. काही गाड्यांचा एक-दोन-चार-तीन असतो, म्हणून आपल्या गाडीचा क्रम आधी माहीत करून घ्यावा.

क्रम विसकटलाच तर काय करायचं? चावी बंद, गिअर न्यूट्रल, बॅटरीची वायर काढलेली. आमच्या जीपमध्ये रेडिएटरकडचा सिलिंडर पहिला. त्याचा प्लग काढून भोकावर अंगठा ठेवायचा आणि दुसरीने हँडल हळूहळू फिरवायचं. हवा अंगठा ढकलू लागली की पिस्टन अगदी वर येईपर्यंत फिरवायचं. आता टोपी उचलून पाहा, रोटरचं तोंड जिकडे, तिथे पहिली वायर. रोटर कुठल्या बाजूला फिरतो ते पाहून त्याच बाजूने पुढे तीन, चार, दोन.

काकांनी तीन वायरी बदलल्या आणि जीप पहिल्याच हँडलला सुरू झाली. इंजिन खोलावं लागलं नाही.

आता आम्ही एका वेळी एकच वायर काढतो, तीही ओढून नाही, टोकाची रबरी टोपी धरून. टोपीवर आणि वायरींवर नेलपॉलिशने आकडे घातलेत. गटातल्या सगळ्याजणींना क्रम पाठ आहे. तुमच्याकडे जुनी गाडी असेल तर आजच आकडे घालून ठेवा.