कान्हेरीचा डोंगर आणि आपला सिंकिंग फंड
(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



मला पाच मिनिटे दिली आहेत. त्यात मी आपल्या बोरिवलीच्या कान्हेरीच्या डोंगराबद्दल बोलणार आहे. पंचवीस वर्षे शेजारी राहून आपल्यातले निम्मे लोक नॅशनल पार्कच्या गेटवरूनच परत येतात!

तिथे शंभराहून जास्त बौद्ध लेणी आहेत. तीन नंबरच्या चैत्याजवळच्या उंच बुद्धमूर्ती बघून मंडळी खाली उतरतात. तसे करू नका, वर चढा. माथ्यावर उघडा काळा कातळ आणि पावसानंतर त्यावर बोटभर गवत. कातळात पन्हळी खोदून पावसाचे पाणी टाक्यांत सोडलेले दिसेल. शिलालेखांत या टाक्यांना 'पोढी' म्हटले आहे. नव्वद नंबरच्या लेण्यात १००९ आणि १०२१ साली आलेल्या पारशी मंडळींनी पहलवी लिपीत आपली नावे कोरून ठेवली आहेत. (मुलांनो, तुम्ही कोरू नका.)

मी पडलो बँकवाला, मला शिलालेखांतले हिशेब आवडतात. दान देणारे कल्याण-सोपाऱ्याचे व्यापारी. काहींनी रोख रक्कम ठेवली, तिला म्हणायचे अक्षयनीवी. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजातून खर्च. नवव्या शतकातल्या लेखात पूजा, डागडुजी, भिक्षूंची वस्त्रे आणि पुस्तके अशी खाती दिली आहेत. नाशिकच्या पांडवलेण्यांत तर व्याजदरही कोरलाय: विणकरांच्या श्रेणीकडे २००० कार्षापण, महिना शेकडा १. म्हणजे वर्षाला १२ टक्के! आज सीनिअर सिटिझनला कोण देतंय?

आता मुद्द्यावर येतो. पुढच्या सर्वसाधारण सभेत सिंकिंग फंडातून लॉबीला ग्रॅनाइट लावायचा ठराव येतोय. माझा विरोध आहे, आजच सांगून ठेवतो. गच्ची गळतेय, पाइप सडलेत. उपविधींप्रमाणे हा पैसा मोठ्या दुरुस्तीचा आहे. ग्रॅनाइट हवे तर वेगळी वर्गणी काढा, माझा चेक पहिला.

आणि पाऊस ओसरला की एका रविवारी सगळे कान्हेरीला जाऊ. सोमवारी लेणी बंद असतात. गुडघेवाल्यांनी गेटपासून बस घ्यावी. पाणी घरून आणा, आणि खाऊची पिशवी हातात लोंबकळत ठेवू नका, माकडे फार आहेत.